काचेच्या खोलीवर छत कोणतं घालावं? खान्देशातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आता नव्या घरांत एक जादा खोली मागितली जाते. तिला कुणी सनरूम म्हणतं, कुणी काचखोली, कुणी नुसतीच ‘वरची शेड’. झाडं ठेवायला, सकाळचा चहा प्यायला, पाहुणे आले की चार खुर्च्या टाकायला ती हवी असते. भिंतींचं ठरतं, फरशीचं ठरतं, पण छताशी येऊन गाडी अडते. लोक मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत.

फोटोत काचेचं छत इतकं सुंदर दिसतं. तेच आपल्याकडे का करू नये?

कारण ते फोटो वेगळ्या सूर्याखालचे आहेत. काचखोलीची पद्धत थंड देशांतली. लंडन साडेएक्कावन्न अंश अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर चढतो आणि जूनमध्येही तो माथ्यावर येत नाही. मिळेल तेवढं ऊन घरात गोळा करणं ही त्यांची गरज, म्हणून छतही काचेचं.

जळगाव २१ अंशांवर आहे, कर्कवृत्ताच्या अलीकडे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, इतका की उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. नेमका तोच आपल्याकडचा सर्वांत तापलेला काळ. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं आपल्याला नवीन नाही. म्हणजे ऊन सर्वांत कडक असतं तेव्हा ते भिंतींवर नाही, छतावर सरळ उभं कोसळतं.

आता हिशोब करू. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे ११ चौरस मीटर छत. मेच्या दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १ किलोवॅट ऊन पडतं, म्हणजे छतावर ११ किलोवॅट. साधी पारदर्शक काच त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास आत सोडते. जवळपास ९ किलोवॅट झाले. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर फेकतो. एका एसीने ती खोली निवणार नाही, दोन लावले तर कशीबशी. ही खोली घराला चिकटलेली असेल, तर शेजारची बैठकही तापते.

माझं मत स्पष्ट आहे आणि पुढच्या सगळ्या उत्तरांत तेच दिसेल: खान्देशात छत सावलीचं असावं आणि उजेड बाजूंनी घ्यावा. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांनी हेच केलं होतं. लाकडं, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची, दाबून घ्यायची. ते छत ऊन अडवायचं आणि उजेड दारातून, ओट्याकडून यायचा.

मग खोलीत अंधार होणार नाही का?

नाही, बाजू बरोबर निवडल्या तर होत नाही. उत्तरेकडून येणारा उजेड बहुतेक वर्षभर थंड आणि सारखा असतो, म्हणून उत्तरेला खुशाल मोठी काच लावा. मे अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य दुपारीही किंचित उत्तरेला असतो, पण तो इतका माथ्यावर की फूटभर छज्जा पुरतो.

दक्षिणेची बाजू खरी गंमतीची आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४५ अंशांवर असतो. छत भिंतीच्या २ फूट पुढे काढलं, तर त्या दिवसांत काचेच्या वरच्या २ फुटांवरच सावली पडते, खालच्या भागातून कोवळं ऊन सरळ फरशीवर येतं. मेमध्ये तेच २ फूट अख्ख्या काचेला सावली देतात. एकच छज्जा हिवाळ्यात ऊन आत घेतो आणि उन्हाळ्यात बाहेर ठेवतो, त्याला ना बटण ना मोटार. धुळ्याच्या थंडीत सकाळी अशा खोलीत बसून पाहा, मग मी का सांगतोय ते कळेल.

पूर्वेला खिडकी ठेवा, पडदा ठेवा. पश्चिमेला मात्र काच नको. चारनंतरचा सूर्य तिरपा येतो आणि कुठल्याच छज्ज्याला जुमानत नाही. तिथे भिंत, सिमेंटची जाळी किंवा वेल. मधुमालती दोन वर्षांत भिंत झाकते.

एवढं करूनही वरून थोडा उजेड हवाच असेल, तर छताच्या विसाव्या भागापुरता झरोका ठेवा. १२० चौरस फुटांच्या छतात ६ चौरस फूट. तोही उत्तरेच्या कडेला आणि दुधी रंगाचा. त्याने खोली पुरेशी उजळते.

पत्रा, कौल, पफ पॅनेल, पॉलीकार्बोनेट: यातलं चांगलं कोणतं?

खोलीत कोण, किती वाजता बसणार यावर ते ठरतं. मी पहिला प्रश्न हाच विचारतो आणि बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो.

सकाळ-संध्याकाळ बसायची उघडी खोली असेल, दुपारी तिकडे कुणी फिरकणार नसेल, तर पांढरा रंगीत पत्रा आणि खाली मोकळी हवा एवढं पुरतं. पांढराच का? गडद निळा किंवा विटकरी पत्रा मेमध्ये हात लावू देत नाही, पांढरा बरंचसं ऊन परत पाठवतो. गावभर निळे पत्रे दिसतात ते निव्वळ सवयीने.

दुपारी म्हातारी माणसं किंवा अभ्यासाची मुलं बसणार असतील तर नुसता पत्रा पुरणार नाही. तापलेला पत्रा खालच्या डोक्यांवर भट्टीसारखा शेकतो, खोलीतली हवा थोडी गार असली तरी. इथे पफ पॅनेल घ्या. दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेला असतो. ५० मिलिमीटर जाडीचं पॅनेल उष्णता अडवण्यात एकेरी काचेच्या दहापट चांगलं, आणि चौरस मीटरला १०-१२ किलो एवढंच वजन. अट एक: कडेचा उघडा फोम पत्र्याच्या पट्टीने बंद करून घ्या. नाहीतर उंदीर आणि मुंग्या आत घर करतात.

पफचं बजेट नसेल तर दुहेरी छत करा. मला स्वतःला हा उपाय सर्वांत आवडतो. वर पांढरा पत्रा, खाली ६-८ इंचांवर बांबूच्या ताट्यांचं, पीव्हीसीचं किंवा जिप्समचं दुसरं छत, आणि मधली पोकळी खालच्या व वरच्या कडेला उघडी. तापलेली हवा वरच्या कडेने आपोआप निघून जाते, खालून नवी येते. दोन्ही कडांना जाळी मारा, नाहीतर पारवे राहायला येतात. खेड्यात उन्हाळ्यात पत्र्यावर पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) पसरतात त्यामागे हाच विचार आहे, पण वाळलेल्या पऱ्हाट्यांना एक ठिणगी पुरते.

मंगलोरी कौल दिसायला देखणं, पावसात शांत. पण चौरस मीटरला ४० किलोंच्या वर वजन आणि फुटाला ६-७ इंच उतार हवा. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावल-रावेरच्या बाजूला वानरांचा वावर असेल तर दरवर्षी कौलं बदलायची तयारी ठेवा. नवापूर, अक्राणीकडे पाऊस जास्त, तिथे उताराचं कौल शोभतं आणि टिकतंही.

पॉलीकार्बोनेटबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं दहा वर्षं टिकतं, कुणी म्हणतं दोन वर्षांत पिवळं पडलं. खरं काय?

दोन्ही खरं. फरक मालात असतो आणि त्याहून जास्त बसवण्यात.

पॉलीकार्बोनेट म्हणजे उजेड आत सोडणारी प्लॅस्टिकची शीट. तिच्या एका बाजूला अतिनील किरणं अडवणारा थर असतो. शीटवर चिकटवलेल्या पातळ फिल्मवर तशी खूण छापलेली असते आणि ती बाजू आकाशाकडे हवी. मी एका घरी गेलो होतो, तिथे दुसऱ्याच उन्हाळ्यात शीट पिवळी आणि ठिसूळ झाली होती. मिस्त्रीने फिल्म खालीच सोलून टाकली, मग कुठली बाजू वर हे कुणालाच कळेना, अंदाजाने बसवली. म्हणून फिल्म बसवताना कडेपुरती सोडवायची आणि काम संपलं की त्याच दिवशी पूर्ण काढायची. उन्हात राहिली तर ती चिकटून बसते.

दुसरी गोष्ट, शीट वाढते आणि आकसते. दर मीटरला दर अंशामागे साधारण ०.०६५ मिलिमीटर. आकडा चिमुकला वाटतो. पण जानेवारीच्या पहाटेचे ८ अंश आणि मेच्या दुपारी तापलेल्या शीटचे ६५ अंश धरा. १२ फुटी शीट या दोन टोकांमध्ये १३ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच हलते. स्क्रूचं भोक स्क्रूएवढंच पाडलं तर तिला जागा मिळत नाही, ती फुगते, कडकड वाजते आणि भोकापासून तडकते. भोक मोठं हवं, वर रबरी वॉशर हवा आणि स्क्रू आवळताना हात आवरता हवा. जोडाला ॲल्युमिनियमची पट्टी वापरली तर उत्तम.

मल्टीवॉल म्हणजे पोकळ नळ्यांची शीट. तिच्या नळ्या उताराच्या दिशेनेच हव्यात. वरचं टोक ॲल्युमिनियमच्या टेपने पक्कं बंद, खालच्या टोकाला बारीक छिद्रांची टेप, म्हणजे आतला दमट वाफारा बाहेर पडतो आणि धूळ-मुंग्या आत जात नाहीत. टोकं उघडी सोडली की पहिल्या पावसाळ्यानंतर नळ्यांत हिरवी शेवाळी धरते आणि ती आतून पुसता येत नाही.

सीलंट न्यूट्रल सिलिकॉन घ्या. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते या शीटला आणि जस्ताच्या पत्र्यालाही मानवत नाही. साफसफाई साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने. थिनर कधीच नको.

रंग विचाराल तर पारदर्शक सोडून काहीही. दुधी सर्वांत बरी. आणि अख्खं छत या शीटचं न करता झरोक्यापुरती ती वापरा.

आम्हाला काचच हवी आहे. कशी घ्यावी?

हौस आहे आणि खर्चाची तयारी आहे, तर जरूर करा, पण डोक्यावर नुसती टफन्ड (तापवून कडक केलेली) काच घेऊ नका. ती फुटली तर बोथट तुकडे होतात हे खरं, पण ते सगळे तुकडे खालीच येतात, आणि टफन्ड काच क्वचित कसलाही धक्का न लागता आपोआपही फुटते. छताला लॅमिनेटेड काच हवी. दोन काचांच्या मधली प्लॅस्टिकची फिल्म फुटलेली काच धरून ठेवते. टफन्ड करून लॅमिनेट केलेली असेल तर आणखी चांगलं.

वजन विसरू नका. काचेच्या दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. ६ अधिक ६ ची लॅमिनेटेड काच म्हणजे ३० किलो, आपल्या ११ चौरस मीटरच्या छताला ३३० किलो, सांगाडा वेगळा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हे स्लॅबवर चढवू नका. आणि काचेच्या वर, बाहेरच्या बाजूने, सावली हवी: सरकती शेडनेट किंवा बांबूची चटई. आतून लावलेला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता खोलीत शिरलेली असते.

जुने सिमेंटचे पत्रे पडून आहेत, तेच वापरले तर?

नको. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. तो कापताना, भोकं पाडताना, फुटताना जे बारीक तंतू उडतात ते फुप्फुसात बसतात, आणि सर्व प्रकारचा ॲस्बेस्टॉस कर्करोगाला कारण ठरतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बसायच्या खोलीवर तर नाहीच. आधीपासून बसवलेले असतील तर त्यांना खरवडू नका, ब्रशने घासू नका. काढायचेच असतील तर पाणी मारून ओले करून, न फोडता, तोंडाला चांगला मास्क लावून उतरवा.

नुसती शेडनेट लावली तर चालणार नाही का?

झाडांसाठीच जागा हवी असेल तर शेडनेटच सर्वांत चांगली, तीही स्वस्तात. शेतीमुळे शेडनेटची माहिती आपल्याकडे घरोघरी आहे. मोगरा, जास्वंद, तुळस, अडेनियमला ५० टक्के ऊन अडवणारी पुरते. फर्न, अरेका पाम, मनी प्लांटला ७५ टक्के. माणसांना बसायला ७५ ची किंवा ९० ची. पाऊस आणि वाऱ्याची धूळ मात्र ती अडवत नाही, आणि दिवाळीत शेजारचा बाण पडला की भोक ठरलेलं. तेवढे दिवस गुंडाळून ठेवा.

वळवाच्या वादळात छत उडेल का?

मे-जूनमध्ये एका तासात केळीच्या बागा आडव्या होतात ते आपण दरवर्षी पाहतो. त्या वाऱ्यापुढे घाईघाईने ठोकलेली शेड टिकत नाही.

वारा छताला दाबतो त्यापेक्षा वर उचलतो, हे समजलं की बाकीचं सोपं होतं. हलक्या छताचा धोका खाली बसण्याचा नसतो, उडण्याचा असतो. ११ चौरस मीटर पत्र्याचं वजन ४५ किलोंच्या आसपास. एवढं ओझं वादळ सहज उचलतं. म्हणून प्रत्येक जोड उलट्या दिशेने तपासायचा: पत्रा पाइपला कशाने धरलाय, पाइप खांबाला कशाने, खांब जमिनीला कशाने. पत्र्याच्या कडेच्या ओळींत स्क्रू दाट हवेत, कारण उचलण्याची सुरुवात कोपऱ्यापासून होते. पुढे काढलेला छज्जा २ फुटांवर थांबवा. त्याहून लांबला की वाऱ्याला खालून धरायला जागा मिळते.

खांब गच्चीच्या कठड्यावर कधीही उभे करू नका. कठडा म्हणजे चार इंची विटांची भिंत, तिला खालून कुणी धरलेलं नसतं. खांब बीमवर किंवा कॉलमच्या डोक्यावर, बेस प्लेट आणि अँकर बोल्टने. पत्र्यावर विटा आणि टायर ठेवू नका. वादळात तेच उडून कुणाच्या तरी अंगावर जातात.

गारांचं म्हणाल तर फेब्रुवारी ते एप्रिल सावध राहायचं. पफ आणि पत्र्याला खळगे पडतील, फुटणार नाहीत. जुनं, उन्हाने ठिसूळ झालेलं मल्टीवॉल चाळणीसारखं होतं.

खोली मागच्या अंगणात, जमिनीवर करायची आहे. पायाचं काही वेगळं लागतं का?

तापीकाठच्या काळ्या मातीत हा प्रश्न छतापेक्षाही मोठा आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये शेताच्या भेगांत हात जातो, ती भेग तुमच्या अंगणातही आहे. त्या मातीत फूटभर खड्डा खणून खांब गाडला तर तो दरवर्षी किंचित वरखाली होतो. माणसाला दिसत नाही, पण काचेला आणि छताच्या जोडाला कळतं. काच कोपऱ्यातून तडकते, छत घराच्या भिंतीपासून सुटतं आणि तिथूनच पाणी येतं.

मुरूम लागेपर्यंत खणा. फारच खोल असेल तर इंजिनिअरला विचारून पाया ठरवा. खड्डा भरताना तीच काळी माती परत टाकू नका, मुरूम टाका. नव्या खोलीचा सांगाडा आणि जुनं घर यांना एकमेकांशी घट्ट जखडू नका. दोघं वेगवेगळे हलतात, मधे लवचिक जोड ठेवा.

गळती कुठून सुरू होते?

बहुतेकदा छत जिथे जुन्या भिंतीला टेकतं तिथून. मिस्त्री तिथे सिलिकॉनची रेघ ओढतो आणि पहिले दोन पावसाळे सगळं ठीक चालतं. त्यापेक्षा भिंतीत कटरने आडवी खाच पाडा, पत्र्याची वाकवलेली पट्टी त्यात घाला, वरून सिमेंटने बुजवा आणि मग सीलंट. पाणी भिंतीवरून उतरून पट्टीवर येतं आणि पट्टीवरून छतावर.

गच्चीवर बोल्टसाठी भोकं पाडली की कोब्याखालचं वॉटरप्रूफिंग फुटतं. प्रत्येक बेस प्लेटभोवती छोटा काँक्रीटचा चबुतरा करून घ्या, म्हणजे तिथे पाणी साचणार नाही.

पत्रा, पफ किंवा पॉलीकार्बोनेटला उतार फुटाला किमान १ इंच. मी दीड करायला सांगतो, कारण उन्हाळ्यातली धूळ कमी उतारावर बसून राहते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. पन्हळ लावा आणि पाणी वाया घालवू नका. ६०० मिलिमीटर पाऊस धरला तरी एवढ्या छतावरून वर्षाला साडेसहा हजार लिटर पाणी उतरतं. बोअर असेल तर गाळून तिथे सोडा.

पावसाचा आवाज किती येतो?

पत्र्याखाली जोराच्या सरीत बोलणं ऐकू येत नाही. पफ आणि दुहेरी छताखाली बराच कमी. पॉलीकार्बोनेट ढोलासारखं वाजतं. कौल सर्वांत शांत.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) छताच्या पाइपला झोका बांधता येईल का?

हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो, कारण आखाजीला माहेरी आलेल्या लेकीबाळींचा झोका हे आपल्याकडे घराचं सुख आहे आणि पूर्वी त्यासाठी अंगणात निंबाचं झाड असायचं. आता झाड नाही, शेड आहे.

छत पेलणाऱ्या पाइपला झोका बांधू नका. उंच झोका घेताना सर्वांत खालच्या टप्प्यावर दोरावर येणारा ओढा बसणाऱ्याच्या वजनाच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो, आणि तो पुढे-मागे हिसडत असतो. दोघी बसल्या की हिशोबच वेगळा. पण सांगाडा बनवतानाच सांगितलं तर काम सोपं आहे: दोन खांबांमध्ये एक वेगळी जाड आडवी तुळई, तिच्यावर पत्र्याचा भार नाही, आणि खांबांना झोक्याच्या दिशेने तिरके टेकू. कड्या वेल्डिंगच्या नकोत, आरपार बोल्टच्या हव्यात. नंतर आठवलं तर हे करणं कठीण जातं, म्हणून पहिल्याच दिवशी सांगा.

गच्ची झाकली तर पापड, कुरडया, बिबड्या कुठे वाळवायच्या?

घरातल्या बायकांना विचारूनच छताची जागा ठरवा. अख्खी गच्ची झाकली म्हणून नंतर हळहळणारी घरं मी पाहिली आहेत. उन्हाळ्याचं वाळवण आणि रात्री उघड्यावर टाकायची अंथरुणं, यासाठी निम्मी गच्ची मोकळी राहू द्या.

कूलर लावावा की एसी?

आपला उन्हाळा कोरडा, म्हणून कूलर इथे मनापासून काम करतो. पण त्याला बाहेर जाणारी वाट लागते. बंद काचखोलीत कूलर लावला की अर्ध्या तासात नुसती चिकचिक. कूलरच्या समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला झडपा ठेवा, म्हणजे दमट हवा छताखालच्या उष्णतेला बरोबर घेऊनच बाहेर पडेल. पश्चिमेला वाळ्याचे पडदे लावून संध्याकाळी पाणी मारलं तर अनेकांना कूलरचीही गरज पडत नाही. एसी लावायचाच असेल तर आधी पफचं छत करा.

सोलर पॅनेलचंच छत केलं तर?

चांगला विचार आहे. सावली मिळते आणि वीजही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती जोडणीला २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरवलं होतं. ११ चौरस मीटरमध्ये हल्लीची मोठी चार पॅनेलं बसतात, म्हणजे साधारण २ किलोवॅट. पॅनेलांच्या फटींतून पाणी गळतं, म्हणून खाली पांढरा पत्रा हवाच आणि दोन्हींत हवा खेळायला अंतर. धूळ पुसायला वर पोचता येईल अशी जागा ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एकदा तरी पाणी मारावं लागतं.

परवानगी लागते का?

कायमचं छत आणि बाजूंना भिंती असं झालं की ते बांधकाम धरलं जाऊ शकतं. महापालिका किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागात नकाशा घेऊन आधी विचारा. अपार्टमेंटची गच्ची सगळ्यांची असते, तिथे सोसायटीचा लेखी ठराव घ्या.

खर्चाचं आणि मिस्त्रीशी काय बोलायचं?

दर महिन्याला लोखंड बदलतं, म्हणून आकडे देत नाही. चढता क्रम असा: शेडनेट, रंगीत पत्रा, पत्र्याचं दुहेरी छत, चांगलं पॉलीकार्बोनेट, पफ, आणि सर्वांत वर लॅमिनेटेड काच. पण सांगाड्याचा खर्च सगळ्यांना लागतो, तेव्हा छतात वाचवलेले पैसे एकूण बिलात वाटतात तेवढे मोठे नसतात.

भाव चौरस फुटाचा असतो, पण कुठल्या फुटाचा? खालच्या फरशीचा की वरच्या उतरत्या पत्र्याचा, छज्ज्यासकट की त्याशिवाय, हे कागदावर घ्या. पत्र्याची जाडी ०.५० मिलिमीटर लिहून घ्या आणि माल आला की मायक्रोमीटरने मोजा. ०.५० सांगून ०.४० येणं हे माझ्याही बाबतीत घडलं आहे. पाइपच्या भिंतीची जाडी, रेड ऑक्साइडचे हात, स्क्रूला रबरी वॉशर, हेही लिहा. चांगला मिस्त्री याने दुखावत नाही. “भाऊ, सगळं लिहून देतो,” असं जो स्वतःहून म्हणतो त्याला काम द्या.

काम कोणत्या महिन्यात काढावं?

दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर. मेमध्ये सगळ्या गावाला एकदम शेड आठवते, मिस्त्री तीन ठिकाणी कामं धरतो आणि वळवाचा पहिला पाऊस अर्धवट छतावर पडतो.

आमच्याकडे पारदर्शक छत आधीच बसवून झालंय. आता काय?

तोडू नका. या उन्हाळ्यापुरतं छताच्या वर फूटभर अंतर ठेवून ७५ टक्क्यांची शेडनेट ताणा. शीटला चिकटवू नका, मधून वारा गेला पाहिजे. काच असेल तर बाहेरून चुन्याचा हात द्या, पावसात तो आपोआप धुऊन निघतो. पॉलीकार्बोनेटवर मात्र चुना किंवा रंग लावू नका. वरच्या बाजूला कोंडलेली हवा निघायला दोन झडपा पाडून घ्या. मग मेच्या एखाद्या दुपारी ३ वाजता साधं थर्मामीटर घेऊन खोलीत १० मिनिटं बसा आणि त्याच वेळचं बाहेरच्या सावलीतलं तापमानही टिपून ठेवा. आतला आकडा बाहेरच्यापेक्षा पाच अंशांहून जास्त निघाला, तर दिवाळीनंतर त्याच सांगाड्यावर पफ पॅनेल चढवता येईल का ते इंजिनिअरकडून तपासून घ्या. काढलेली शीट कापून झरोक्याला वापरता येते.